अंगणातले दोन बांबू

सत्तावनच्या निवडणुकीत मी एका अपक्ष उमेदवाराचा प्रचार केला. तो निवडून येणार नाही हे गावातल्या म्हशींनाही माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं. वय पंचवीस, डोकं तापट, आणि गोंदियाला एका वकिलाकडे दीड वर्ष मुन्शीगिरी केलेली. तेवढ्या भांडवलावर मी नवेगाव बांधाच्या पलीकडच्या आमच्या लहानशा गावात कायदेपंडित होऊन बसलो होतो. कुणाच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरला गेला, कुणाची गाय कोंडवाड्यात गेली, की मी कलम सांगायला हजर. लोक ऐकून घेत. वडील वारले होते, पण आमच्या घराण्याने बांधलेल्या तलावाचं पाणी अर्ध्या गावाच्या धानाला जात होतं, म्हणून ऐकून घेत. मला वाटे, माझ्या हुशारीमुळे.

आमच्या उमेदवाराची निशाणी शिडी. तेव्हा मतदानाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली असे. वाचता न येणाऱ्याने निशाणी ओळखायची आणि त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. म्हणजे निशाणी लोकांच्या डोळ्यांत भरवणं हेच मोठं काम. मी एका जुन्या दाराची फळी काढली, चुन्याने पांढरी केली आणि तिच्यावर गेरूने पाच पायऱ्यांची शिडी रंगवली. अंगणात रस्त्याच्या बाजूला दोन ताजे हिरवे बांबू रोवले आणि वर ती पाटी बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर तिच्यावर पडे. मी ओसरीवर बसून ती नजर मोजत बसे.

चौथ्या दिवशी सकाळी पाटी गायब. बांबू तेवढे उभे. मी दुसरी केली. ती तीन दिवस टिकली आणि मग तलावाच्या पाटात, चिखलात उपडी सापडली. माझी कानशिलं तापली. विरुद्ध बाजूचा प्रचार करणारे कोण हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांच्या दारासमोरून दोनदा मोठ्याने शिव्या देत गेलो आणि तिसऱ्या दिवशी सायकल काढून पोलीस ठाण्यावर गेलो.

ठाणेदार जेवून सुस्तावला होता. त्याने माझं सगळं ऐकलं.

“पाटी आपली, अंगण आपलं, मान्य आहे,” तो म्हणाला. “रिपोर्ट लिहून द्या. कुणी काढताना सापडला तर धरा, चार माणसं बोलवा, इथं घेऊन या. पण मारपीट नाही. आणि काटे, तार, खड्डा, असलं काही करून ठेवायचं नाही. कुणाला जखम झाली तर पाटीची केस राहील बाजूला, तुमच्यावरच केस बनेल.”

“माझ्या अंगणात घुसून माझी वस्तू नेली तरी?”

“तरी. पाटी काय, आणखी एक बनवता येते.”

मी रिपोर्ट न लिहिताच परत आलो. मला वाटलं, ह्या माणसाला कायदा येत नाही. आपल्या मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क प्रत्येकाला आहे, हे मी वकीलसाहेबांच्या जाड पुस्तकात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. त्या हक्काला कुठे कुठे आळा घातला आहे ते पुढच्याच पानावर होतं. ते पान मी उलटलं नव्हतं. पक्षकार आला होता की चहा आला होता, आता आठवत नाही.

बिब्ब्याला आमच्याकडे भिलावा म्हणतात. जंगलात झाडं मुबलक. घरोघरी एका मडक्यात चार-दोन पसे भिलावे असतातच. पायाच्या भेगांना, बैलाच्या खुरांना लागतात. टाचणीच्या टोकावर धरून दिव्यावर तापवला की काळं तेल थेंबथेंब गळतं. ते कातडीवर नको तिथे लागलं तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. मग खाज, मग सूज, मग पाणी भरलेले फोड. भिलावा उतला म्हणतात. आठ-पंधरा दिवस माणूस कामातून जातो.

आई लाखोळीच्या शेंगा खुडायला शेतावर गेली होती. भर दुपारी मी चुलीपाशी बसलो आणि मडक्यातले निम्मे भिलावे तापवले. वाळून जाऊ नये म्हणून तेलात जवसाचं तेल मिसळलं. हाताला फडकं गुंडाळून दोन्ही बांबूंना खालपासून वरपर्यंत ते चोपडलं, वर तिसरी पाटी चढवली आणि सुतळीची गाठ बांधली. हे करताना मी गुणगुणत होतो. लाज कसली म्हणून वाटली नाही. उलट वाटत होतं, बघा कसा काटे न लावता, तार न लावता, कायद्याच्या बोटाला न सापडता काटा काढतो.

आई परतली तेव्हा तिला एवढंच म्हणालो, “त्या बांबूंना वासरू बांधू नको.”

“काऊन?”

“रंग ओला आहे.”

दुसऱ्या दिवशी उमेदवाराबरोबर मी केशोरीकडे प्रचाराला गेलो. दोन दिवस त्या भागातच होतो.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गावात मयत झाली की तिरडीला बांबू लागतात. ते विकत आणत नाहीत, कुणाला मागतही नाहीत. ज्याच्या अंगणात किंवा घरामागच्या सांदवाडीत उभे दिसतील त्याचे घेतात. घरधन्याने विचारायचं नाही, अडवायचं नाही, पुढे कधी आठवण काढायची नाही. मंडपाचे बांबू नेलेले मी पाहिले आहेत, वाड्याच्या कुंपणाचे नेलेले पाहिले आहेत. माझ्या वडिलांची तिरडी शेजारच्या बांबूंची होती. म्हणजे हा रिवाज मला ठाऊक होता, लहानपणापासून ठाऊक होता. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात फक्त माझे वैरी होते. माझ्या अंगणात वैऱ्याखेरीज दुसरंही कुणी हात घालू शकतं, त्याचा तसा हक्कच आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मी गेलो त्याच दिवशी शेजारची बुढी वारली. आमची भिंत एकच. तिच्या एकुलत्या मुलाला मी दादा म्हणत असे.

गावातल्या तिरड्या बांधायचा एक म्हातारा ढिवर. सगळे त्याला बाबाजी म्हणत. तलावात मासे धरायचं, जाळी विणायचं त्याचं काम. हातात गाठ अशी की ओढली की बसली. कोणत्याही जातीची मयत असो, तिरडी त्यानेच बांधायची. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण चाळीस वर्षं चालत आलं होतं. एरवी ज्या घरांच्या बाहेरच तो उभा राहायचा, त्या दिवशी त्या घरची माणसं त्याला विचारून हलत. बाबाजी आले का, असं विचारल्याशिवाय मयत उठत नसे. त्या म्हाताऱ्याकडे मान म्हणून एवढीच एक गोष्ट होती.

तो बांबू बघत आमच्या अंगणाशी आला आणि पाटी बघून थबकला. माझी आई दारात होती. ती म्हणाली, “घ्या ना जी बाबाजी, उभेच आहेत. पोरगा असता तर त्यानंच देल्ले असते.”

बाबाजीने पाटी सोडवली, पुसून ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली आणि बांबू उपटले.

मी परत आलो तेव्हा अंगणात दोन खड्डे होते. आईने मयतीचं सांगितलं. मी मनाशी म्हटलं, काय सांगावं, वाळलं असेल, काही व्हायचं नाही. शेजारी भेटायला गेलो. दादा भिंतीशी बसला होता. डोळे सुजून मिटलेले, गाल टरारलेले. मला वाटलं, आईसाठी रडून रडून. मी त्याच्याजवळ बसलो आणि मग त्याचा उजवा खांदा दिसला. मानेपर्यंत फोडच फोड. बांबू हातांनी धरून खांद्यावर घेतला होता, त्याच हातांनी वाटभर डोळे पुसले होते.

“भिलावा उतला,” त्याची बायको म्हणाली. “चौघाही खांदेकऱ्यायले. तीळ वाटून लावून राहिलो, पण ह्यायले दिसतच नाही जी काही.”

मी तिथून कसा उठलो ते आठवत नाही. घरी आलो तर ओसरीत बाबाजी उभा. दोन्ही हातांना कोपरापर्यंत फडकी गुंडाळलेली. मला पाहून तो म्हणाला, “बाबू, तुह्या पाटीचं सांगाले आलो. इथंच ठेवली आहे. शिडी पुसली नाही पाहाय.”

मी पाटीकडे बघितलं. शिडी खरंच पुसली नव्हती.

भिलावा कुठून आला, ह्याचा निकाल गावाने दोन दिवसांत लावून टाकला. बाबाजी त्या दिवसांत जंगलातून भिलावे आणून अंगणात वाळवत असे, ठेकेदाराला देत असे. झालं. तेलाचे हात न धुता ह्यानं तिरडी बांधली, असं एकजण म्हणाला, आणि सांजेपर्यंत सगळे म्हणू लागले. बुढीच्या शेवटच्या वाटेवर ह्यानं चार जणांची कातडी सोलली. दादाचा एक डोळा जातो की काय अशी भीती होती, त्यामुळे राग जास्तच. म्हातारा म्हणत राहिला, “मी राखेनं हात घासून आल्तो जी.” त्याचं कोण ऐकतो. त्याच्या स्वतःच्या हातांना सगळ्यांत जास्त फोड होते, तेही पुरावा म्हणूनच धरले गेले. बुढी जाऊन आठच दिवस झाले आणि गावाच्या वरच्या वस्तीत, टोलीत, एक मयत झाली. बाबाजी सवयीने तिथे गेला आणि कुडाशी उभा राहिला. कुणी त्याला हाक मारली नाही. दोन तरुण पोरांनी कशीबशी तिरडी बांधली. म्हातारा थोडा वेळ फडक्यातले हात पाठीशी धरून उभा होता, मग घरी निघून गेला. मी समोरच होतो. एक वाक्य बोललो असतो तर तिथल्या तिथे मिटलं असतं. मी धोतराचा सोगा नीट करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी गाडीने गोंदियाला गेलो, माझ्या जुन्या वकीलसाहेबांकडे. म्हटलं, एका ओळखीच्या माणसाची भानगड आहे. समजा, कुणी आपल्या अंगणातल्या वस्तूला भिलावा लावून ठेवला, आणि समजा...

साहेबांनी चष्मा काढला. ते घरी हिंदी बोलत, आमच्याशी दोन्ही मिसळून बोलत.

“ये समजा-समजा छोडो. तू लावलास?”

मी मान खाली घातली आणि पाटीपासून ठाण्यापर्यंत, बांबूंपासून फोडांपर्यंत सगळं सांगितलं.

“बघ,” ते म्हणाले, “कुणी तुझी पाटी उचलत असेल तर तू हात धरू शकतोस, ढकलू शकतोस. जेवढं रोखायला लागेल तेवढंच, त्याच्या वर नाही. आणि पोलिसात जायला वेळ असेल तर आधी तिकडे जायचं. तू तर जाऊन आला होतास. आता मला सांग, तू स्वतः तिथे उभा असतास, तर त्या माणसाच्या हातावर, डोळ्यांत भिलावा ओतला असतास?”

“नाही.”

“मग बांबूकडून काऊन ओतवलास? जे तुला समोर उभं राहून करता येत नाही, ते लपून लावून ठेवताही येत नाही. वस्तू वाचवायची होती की माणूस दुखवायचा होता? कोर्ट हेच विचारेल. नीयत. सगळा खेळ नीयतचा आहे.” मग त्यांनी चष्मा परत घातला. “वकील म्हणून सल्ला, तोंड बंद ठेव.”

माणूस म्हणून सल्ला त्यांनी दिला नाही आणि मी विचारला नाही. गाडीत बसल्यावर मला चक्क हलकं वाटलं. गप्प बसणं हे आता माझं भित्रेपण राहिलं नव्हतं, वकिलाचा सल्ला झाला होता. मतदान झालं. मी शिडीच्या पेटीत चिठ्ठी टाकून आलो. आमच्या उमेदवाराची अनामत गेली. त्या पाटीकडे मग कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, मीसुद्धा नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी आईने पायाच्या भेगांना लावायला भिलाव्याचं मडकं काढलं. निम्मं रिकामं. ती मडकं घेऊन माझ्यासमोर आली.

“रंग ओला होता म्हणे,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “मी देल्ले ते बांबू. माह्या तोंडानं देल्ले. बाबाजी थांबला होता, मीच म्हटलं घ्या.”

“आई, मला काय माहीत बुढी...”

“उद्या पंगतीत सांगशीन. चारचौघांत. नाही सांगशीन तर मी सांगीन.”

रात्रभर, म्हणजे खरं तर त्या संध्याकाळपासूनच, मी वाक्यं जुळवत होतो. कबुली कशी द्यावी हे नाही. कबुली देऊनही कसं सुटावं हे. आणि ते मला सापडलं. साहेबांनीच दिलं होतं. सगळा खेळ नीयतचा.

तेरवीला दादाच्या अंगणात गाव जमलं होतं. दादाचे डोळे उघडले होते, डाव्याने अजून धूसर दिसायचं. बाबाजीला बोलावणं नव्हतं, पण बुढीने त्याच्या हातचे मासे आयुष्यभर घेतले होते. तो रस्त्यापलीकडे चिंचेखाली येऊन बसला होता. पानं मांडून झाली, वाढायच्या आधी मी उभा राहिलो.

म्हणालो, बाबाजीचा काही दोष नाही. बांबू माझ्या अंगणातले. त्यांना उधई लागू नये म्हणून मी भिलाव्याचं तेल लावून ठेवलं होतं. आईला सांगायचं राहून गेलं. चूक माझी. मला सगळ्यांनी माफ करावं.

लाकडाला वाळवी लागू नये म्हणून भिलावा लावतात, हे सगळ्यांना माहीत होतं. पंगत सैल झाली. कुणी म्हणालं, “हात्तिच्या, असं होय.” कुणी म्हणालं, “त्यानं तं आपल्या लाकडाची काळजी घेतली, त्याले काय सपन पडलं होतं बुढी मरन म्हणून.” दादा उठून माझ्याजवळ आला. सोललेल्या हातांनी त्याने माझे हात धरले आणि म्हणाला, “मोठं मन लागते जी असं सांगाले.” आठ दिवसांपूर्वी ज्या म्हाताऱ्याची राखेने हात घासल्याची गोष्ट कुणी ऐकली नव्हती, त्याच लोकांनी माझी उधई पहिल्या दमात गिळली. बाबाजीलाही आत बोलावलं, पान वाढलं. मी त्याच्यासमोरच बसून जेवलो. वरण छान झालं होतं, हेही आठवतं. त्याची लाज वेगळी.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, “वकिलाकडे राहिला ते कामी आलं.” त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही. भिलाव्याचं मडकं मात्र तिने स्वयंपाकघरातून हलवलं, कुठे ठेवलं ते मला सांगितलं नाही.

चार-पाच दिवसांनी मी तलावाच्या पाळीवरून येत होतो. बाबाजी जाळं पसरून बसला होता. बोटांवर नवी गुलाबी कातडी आली होती, गाठ मारताना तो दर वेळी थांबत होता. मी थांबलो. माफी मागावी असं मनात होतं, अगदी ओठांवर होतं. त्याने वर बघितलं.

“बाबू,” तो म्हणाला, “एक विचारू काय? पंधरा दिवसाच्या हिरव्या बांबूले उधई लागते काय जी?”

आवाजात राग नव्हता. खरंच विचारावं तसं विचारलं. चाळीस वर्षं बांबू हाताळलेला माणूस मला बांबूबद्दल विचारत होता. मी म्हणालो, काळजी घेतलेली बरी. तो हं म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

गावाने त्याला पुन्हा तिरडीला बोलावलं. पण बोटं पूर्वीसारखी वळली नाहीत. गाठ त्याचा मुलगा ओढायचा आणि तो शेजारी बसून सांगायचा. माझ्याशी तो पुढेही बोलायचा, रामराम घालायचा, मासे द्यायला घरी यायचा. त्या उधईच्या प्रश्नाचा उल्लेख त्याने कुणाकडे केला असेल असं मला वाटत नाही. केला असता तर माझ्या कानावर आलं असतं.

तीन वर्षांनी बाबाजी वारला. कळलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. माझ्या अंगणात गोठ्यासाठी आणलेले आठ-दहा बांबू भिंतीला टेकवून ठेवले होते, कोरडे, स्वच्छ, कशाचाही हात न लागलेले. त्याच्या घरापासून सगळ्यांत जवळचं अंगण माझंच. मी ओसरीत उभा राहिलो. मनाशी म्हटलं, त्याचा मुलगा आला की स्वतः उचलून देईन, खांद्यावरून नेऊन देईन.

मुलगा आला, बरोबर दोघे. माझ्या अंगणासमोर तो थांबला. बांबूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. “रामराम जी,” म्हणाला. मी पायरी उतरलो. तोवर तो पुढे चालू लागला होता. गावाच्या दुसऱ्या टोकाकडून, कुणाच्या तरी पडक्या कुंपणाचे दोन वाकडे बांबू घेऊन तिघे माझ्याच दारावरून परत गेले.

पुढे गावात पुष्कळ मयती झाल्या. माझ्या अंगणातली काडीसुद्धा कुणी नेली नाही.